चार दिवसांचे डबे

रविवार, ३ नोव्हेंबर १९५७

सासूबाईंचं पत्र आलं. अक्षर थोरल्या दिरांचं, पण बोल सगळे त्यांचेच — वाचताना आवाजसुद्धा ऐकू येतो! "ज्योतीराम दर महिन्याला चार दिवस घरमालकिणीच्या चुलीवर जेवतो असं कळलं. तुला तिथं वेगळी चूल मांडून दिली ती कशाला? पौषात मी येते. माझ्या डोळ्यांनी बघते. चार दिवस माझ्या लेकाला स्वतःच्या घरचं मिळत नसेल तर बिऱ्हाड मोडायचं. तू गावाकडं यायचं, तो खानावळीत जेवेल."

खानावळीचं चालतं, शालनबाईंच्या चुलीवरचं चालत नाही! आता ह्याला काय म्हणावं?

चुगली कुणी केली कोण जाणे. खोटं मात्र काही नाही त्यात. गावाकडं मी बाहेर बसले की जाऊबाई चूल सांभाळायच्या, त्या बसल्या की मी. इथं चिंचवडला घरात बाई मी एकटी. ते चार दिवस मला चुलीला, पाण्याला, धान्याला हात लावायचा नाही, आणि ह्यांना चहासुद्धा धड जमत नाही. मग शालनबाई ताट पाठवतात. त्यांच्याच घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या आहेत. जीव लावणारी बाई आहे.

ह्यांना पत्र दाखवलं. "आईचं काय एवढं मनावर घेतेस?" म्हणाले. म्हणजे घाबरले.

आठ वर्षं झाली लग्नाला. त्यातलं हे दीड वर्ष तेवढं माझं. दोन खोल्या, एक चूल, कारखान्याची पाळी सुटली की दाराशी ह्यांच्या सायकलची घंटी. मूलबाळ नाही, त्यामुळं गावाकडं माझी किंमत राबणाऱ्या दोन हातांएवढी. मी परत जाणार नाही. नाही म्हणजे नाही.

उपाय एकच दिसतो. चार दिवसांचं आधीच रांधून ठेवायचं.

बुधवार, ६ नोव्हेंबर

उद्या बसणार. माझं घड्याळ कारखान्याच्या भोंग्याइतकं पक्कं. सकाळपासून चुलीपाशीच होते. तीस पोळ्या. चाकणच्या बटाट्यांची भाजी. मटकीची उसळ. मोठं पातेलंभर भात. भाताच्या पातेल्याला ओलं फडकं गुंडाळून ते न्हाणीजवळच्या वाळूत ठेवलं, उसळ शिंक्यावर टांगली. शालनबाई डोकावल्या. "आगं, लगीन हाय का काय घरात?"

ह्यांना सगळं दाखवलं. कुठं काय, आधी काय खायचं, नंतर काय. मान डोलावली. ऐकलं किती ते उद्या कळेल.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

बसले. दाराजवळच्या कोपऱ्यात घोंगडी टाकून. ह्या दिवसांत वहीला शिवलेलं चालतं की नाही हे कुणाला विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

उसळीला तार सुटली. मला वास कोपऱ्यापर्यंत आला! "खाऊ नका ती," मी म्हणत होते, तोवर ह्यांनी ताट संपवलंही. "बरी होती," म्हणाले. असा माणूस! विष वाढलं तरी बरं होतं म्हणतील.

शनिवार, ९ नोव्हेंबर

ह्यांची कारखान्याची पाळी बुडाली. सकाळपासून चार वेळा हे तांब्या घेऊन मागं जाऊन आले. मी कोपऱ्यात बसून नुसती बघणार, कपाळावर हातही ठेवता येत नाही. शेवटी शालनबाईंनी भाताची पेज पाठवली. म्हणजे पुन्हा त्यांचीच चूल! आणि उरलेला सगळा भात त्यांच्या म्हशीपुढं गेला.

ही बातमी गावाकडं बार्शीला पोचली तर संपलंच.

सोमवार, ११ नोव्हेंबर

चूल पेटवली. हे कारखान्यात गेले. आता डोकं ताळ्यावर आहे, तेव्हा लिहून ठेवते.

चूक माझी. नेहमीचा स्वयंपाक जास्त करून ठेवला, एवढंच मी केलं. पाणी घालून जे जे शिजवलं ते नासलं. पोळ्या तिसऱ्या दिवसापर्यंत चिवट झाल्या, चौथ्या दिवशी बुरा आला. तग धरला तो लोणच्यानं. म्हणजे ज्यात पाणी नाही ते टिकतं. हे मला आधी सुचू नये? मी बार्शीकडची! आमच्याकडं कडक भाकरी महिनाभर उतरंडीवर पडलेली असते आणि कुणी तिला शिळं म्हणत नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर

आठवडाभर नुसते प्रयोग चालले आहेत. दुधात भिजवलेली दशमी चौथ्या दिवशीही मऊ. गुळाची शेंगापोळी सहाव्या दिवशी पहिल्यापेक्षा चांगली! धपाट्यात कांदा घातला तर दोन दिवस, न घालता चार. बेसन तेलावर खरपूस भाजायचं, त्यात तिखट, मीठ, जिरं, सुकं खोबरं, सगळं आधीच मिसळून डब्यात भरायचं. वरून उकळतं पाणी ओतून ढवळलं की झुणका. पाणी उकळायला ह्यांना शिकवलं. दोनदा स्टोव्ह भडकला, एकदा भुवई जळली. डावी.

हे खायला बसून हसत होते. म्हणाले, साहेबाच्या बंगल्यात बर्फाचं कपाट आहे. मडमबाई मागच्या आठवड्यातलं कालवण त्यातून काढून ऊन करते आणि साहेब खातो.

"मागच्या आठवड्यातलं? आणि आजारी पडत नाही?"

"पडत नाही. आणि ती बाहेरही बसत नाही," म्हणाले.

मग तिला कपाट हवं कशाला? ज्याला गरज त्याच्याकडं नाही, असंच असतं.

बुधवार, ४ डिसेंबर

आठ डबे. चार दिवस, दोन वेळा. प्रत्येक वेळेचा डबा वेगळा, म्हणजे एकाला हात लागला तरी दुसऱ्यातलं बिघडायला नको. कागदाच्या पट्ट्यांवर वार आणि वेळ लिहून खळीनं डकवल्या. गुरुवार सकाळ. गुरुवार संध्याकाळ. असं रविवारपर्यंत. फडताळात ओळीनं मांडले तेव्हा मीच जरा लांब जाऊन बघत उभी राहिले. छान दिसत होते!

गुरुवार, ५ डिसेंबर

बसले. ह्यांची दुसरी पाळी, दुपारी तीनला जातात. विचारतात कसे — "गुरुवार संध्याकाळ म्हणजे पाळीला जायच्या आधी की आल्यावर?" आणि दोन्ही वेळा खाऊन मोकळे झाले!

रविवार, ८ डिसेंबर

न्हाले. रविवारचा डबा ह्यांनी शुक्रवारीच खाल्ला, शुक्रवारचा आज. झुणक्यात पाणी जास्त झालं, तो प्यावा लागला. पण चार दिवस बाहेरचा एक घासही आला नाही. पोट ठणठणीत. शालनबाईंनी धपाटे कसे टिकतात ते विचारून घेतलं. म्हणाल्या, "रहाटणीला माहेरी जाते तवा मागं करून ठेवीन. आमचं म्हातारं नुसतं बोंबलत बसतंय." जमलं. जमलं!

गुरुवार, १९ डिसेंबर

ह्यांना बदली सुट्टी. दुपारभर घरी होते. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

रविवार, २९ डिसेंबर

सासूबाई आल्या. हे स्टेशनवर जाऊन घेऊन आले. गाठोड्यात आधी देवाचे टाक, मग लुगडी. आल्या आल्या फडताळ बघितलं, पाण्याची जागा बघितली, मी कुठं बसते तो कोपरा बघितला. मग पाटावर टेकल्या आणि म्हणाल्या, "मी चुलीला हात लावायची न्हाई. पाव्हणी म्हनून आले न्हाई मी. तू कसं करतीस ते बघाया आले. कधी बसायचीस?"

"गुरुवारी," मी म्हणाले.

"बघू."

बुधवार, १ जानेवारी १९५८

त्यांच्या डोळ्यांसमोर दहा तास स्वयंपाक केला. परीक्षेला बसल्यासारखं वाटलं, फक्त इथं मास्तरीण मागं पाटावर बसून सुपारी कातरत होती. दशमीचं पीठ मळताना म्हणाल्या, "दूध लई घातलंस." बेसन भाजताना म्हणाल्या, "आजून भाज." ते बरोबर होतं, खोटं कशाला बोलू. डबे भरले, चिठ्ठ्या डकवल्या. त्यांना वाचता येत नाही. एकेक चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली.

गुरुवार, २ जानेवारी

नाही.

शुक्रवार, ३ जानेवारी

नाही. "बसली न्हाईस?" — "नाही अजून." एवढंच बोलणं. डबे फडताळात तसेच.

शनिवार, ४ जानेवारी

नाही. हे घरी आले ते वेगळीच बातमी घेऊन. कंपनी ह्यांना मद्रासला पाठवते आहे, नवीन लेथ शिकायला. सहा आठवडे. येत्या गुरुवारीच निघायचं. आनंद झाला आहे, लपवता येत नाही.

आठ वर्षांत दोनदाच चुकलं होतं. एकदा नऊ दिवस, एकदा अकरा. दोन्ही वेळा मी मनातल्या मनात नाव ठेवण्यापर्यंत गेले, आणि दोन्ही वेळा दहाव्या-बाराव्या दिवशी कोपऱ्यात तोंड लपवून रडले. आता मी त्या वाटेला जात नाही. धसक्यानं लांबलं असेल. सासूबाई मागं बसल्या की दूधसुद्धा वर यायला कचरतं, हे तर माझं शरीर.

सोमवार, ६ जानेवारी

आज लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

सकाळी त्यांना पाण्याचा तांब्या दिला. त्यांनी घेतला नाही. "तू भरलास? मग नगं मला."

"का आत्या?"

"गुरुवारी बसायचं म्हनून बुधवारी डबे भरलेस. चिठ्ठ्या लावल्यास. आज सोमवार. सोताच्या हातानं दिस लिव्हून ठिवलास, आन् बसायची न्हाईस? आलीच न्हाई, का लपिवतीस?"

मी म्हणाले, खरंच आली नाही. त्या म्हणाल्या, "डबे पुरायचे न्हाईत, बिंग फुटंल, मंग गावाकडं जावं लागंल, म्हनून तशीच फिरतीस चुलीपाशी. माझ्या देवापाशी. माझ्या लेकाच्या ताटापाशी!"

माझेच डबे, माझ्याच चिठ्ठ्या माझ्यावर साक्षीला उभ्या केल्या! हे मध्ये उभे, एकदा आईकडं बघतात, एकदा माझ्याकडं. सासूबाईंनी देवाचे टाक गाठोड्यात बांधले. "गुरुवारी हा मद्रासला गेला की मी गावाकडं. तूबी चल. असल्या घरात चूल ठेवायची न्हाई." दिवसभर पाण्याच्या थेंबाला शिवल्या नाहीत. साठीची बाई, कोरड्या तोंडानं बसून राहिली.

दुपारी मी ठरवलं. जुन्या डब्यांतलं दशमी-धपाटं काढून टाकलं आणि नवीन केलं, चिठ्ठ्याही मंगळवार ते शुक्रवार अशा बदलल्या.

मंगळवार, ७ जानेवारी

बसले. म्हणजे — बसायचं काही कारण नव्हतं. खोटंच बसले.

उठल्या उठल्या सांगितलं, "आत्या, आज." आज बसले म्हणजे कालपर्यंत मी लपवत नव्हते, हे आपोआप सिद्ध होतं. त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. "बरं," म्हणाल्या. गाठोडं सोडलं, देव पुन्हा मांडले, शालनबाईंकडून पाणी आणवून पोटभर प्याल्या.

ह्यांना खरं सांगितलेलं नाही. सांगायला आडोसा नाही, शिवायचं नाही, मध्ये त्या. आणि ह्यांच्या पोटात काही राहत नाही, आईनं नुसतं रोखून बघितलं की सगळं सांगून टाकतील.

बुधवार, ८ जानेवारी

हे डबे बरोबर ओळीनं खात आहेत. पहिल्यांदाच! आईसमोर चूक करत नाहीत. झुणका तर असा जमला की सासूबाईंनी स्वतः मागून घेतला.

मी कोपऱ्यात बसून बघते. काही दुखत नाही, काही नाही, नुसती बसून आहे. सुट्टीच म्हणायची. पण लाज वाटते.

गुरुवार, ९ जानेवारी

हे गेले. शुक्रवारचे दोन्ही डबे शिदोरी म्हणून बरोबर दिले, मद्रासला दीड दिवस लागतो. म्हणजे — सासूबाईंनी दिले. मला कसं देता येणार?

हे उंबऱ्यात उभे, मी घोंगडीवर. "येतो," म्हणाले. "या," मी म्हणाले. सहा आठवड्यांचा निरोप, आणि मला पाया पडायलाही उठता येईना. खोट्या विटाळापायी! सायकल शालनबाईंच्या गोठ्यात लावून चालत गेले. फार वाईट वाटलं. ह्यांना निदान खरं सांगायला हवं होतं.

शनिवार, ११ जानेवारी

काल न्हाले, आज चूल पेटवली. सासूबाई चहा पिता पिता म्हणाल्या, "बाहेरचा घास न्हाई खाल्ला त्यानं. दशमी मऊ व्हती. ऱ्हा हितंच."

एवढंच! कामाचे शब्द दोनच, "ऱ्हा हितंच". मी आत जाऊन फडताळाच्या दाराला डोकं टेकून उभी राहिले. मग त्या बाहेरून म्हणाल्या, "तो येईस्तवर मीबी ऱ्हाते. तरणी बाई एकली कशी ऱ्हाईल?" आनंदावर एवढं पाणी पडायचंच होतं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तीळगूळ झाला. मला दुसरीच धास्ती. आता खरोखर आली तर? परवाच न्हालेली बाई पुन्हा कोपऱ्यात कशी बसणार? बसले तर पहिलं खोटं उघडं पडतं. न बसता चुलीपाशी राहिले तर जो आळ त्यांनी घेतला तोच खरा होतो. सकाळ-संध्याकाळ देवाला सांगते, आणखी पंधरा दिवस येऊ नको देऊस. असलं मागणं ह्या आधी कुठल्या बाईनं केलं असेल?

सोमवार, २० जानेवारी

सासूबाईंनी पहारा बसवला आहे. मला हंडा उचलू देत नाहीत, स्वतः पाणी आणतात. पाणवठ्यावर शालनबाईंशी मी घरातलं बोलेन, दुसरं काय! जेवायला बसले की तिसरी भाकरी ताटात टाकतात आणि खाईपर्यंत समोर बसून राहतात. अन्न टाकते की काय, बघायला. कालपासून दळणसुद्धा त्याच दळतात. माझ्या हातचं पीठ नको असेल.

एक बरं, आलेली नाही.

गुरुवार, ३० जानेवारी

ह्यांचं पत्र आलं. मद्रासला रोज भात. आठव्या डब्यातला झुणका तिथल्या लोकांना खिलवला म्हणे. माझं अंग ठीक नाही. फोडणीचा वास आला की पोटात ढवळतं. जुन्या डब्यांच्या तळाशी राहिलेल्या शेंगापोळ्या खाल्ल्या, त्या बाधल्या असणार. एक महिन्याच्या होत्या.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

त्यांच्या हिशोबानं आज मी बसायला हवं. घोंगडी काढून ठेवली होती. त्यांनी विचारलंच नाही! महिनाभरापूर्वी दिवस मोजून मोजून माझा जीव नकोसा केला, आणि आज चकार शब्द नाही. काय शिजतंय त्यांच्या मनात?

रविवार, ९ फेब्रुवारी

शालनबाईंकडं ताक आणायला गेले आणि तिथंच भिंतीला धरून ओकले. त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग हातातलं मडकं खाली ठेवलं. "आगं येडे, दिवस गेल्यात तुला!"

मी म्हणाले, नाही, शेंगापोळी बाधली. "शेंगापोळी म्हनं! धा दिस बाधती व्हय शेंगापोळी?" आणि मला मिठी मारून हसायला लागल्या. मग दोघी रडलो. गोठ्यात, म्हशीसमोर.

आठ वर्षं. देवा, आठ वर्षं! लिहिताना अक्षर वेडंवाकडं येतं आहे, येऊ दे. मला मूल होणार. मला!

सोमवार, १० फेब्रुवारी

काल आनंदात मोजलं नव्हतं. आज मोजलं.

मला माहीत आहे ते असं — डिसेंबरात बसले, त्यानंतर आजतागायत नाही. हे ९ जानेवारीपर्यंत घरी होते. सगळं सरळ आहे.

सासूबाईंना माहीत आहे ते असं — ७ जानेवारीला मी बसले. ९ ला हे मद्रासला गेले. १० ला मी न्हाले. म्हणजे न्हाल्यापासून आजपर्यंत मी नवऱ्याचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही. मग पोटात आहे ते कुणाचं?

खरं सांगावं? सांगायचं काय, तर मी विटाळाचं खोटं बोलले. जी सून चार दिवस कोपऱ्यात बसून नाटक करते, तिचं पोटातल्याबद्दलचं कोण खरं मानेल? आणि ह्यांनी तर मला बसलेली डोळ्यांनी बघितलं आहे. हेही तेच दिवस मोजतील.

बिऱ्हाड राखायला खोटं बोलले. आता बिऱ्हाड राहिलं बाजूला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज मोरीत ओकताना सासूबाई मागं उभ्या होत्या. तांब्या पुढं केला. मग ओसरीवर जाऊन बसल्या आणि अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत मोजायला लागल्या. ओठ हलत होते. एकदा मोजलं. थांबल्या, माझ्याकडं बघितलं. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

मी आतून बघत होते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

ह्यांना पत्र लिहिलं. फाडलं. पुन्हा लिहिलं, "मी त्या दिवसांत खरी बसले नव्हते" — ही ओळ कागदावर इतकी खोटी दिसते! तेही फाडून चुलीत घातलं. ह्यांना यायला अजून आठ दिवस. तोवर सासूबाई थांबणार नाहीत. काल शालनबाईंना विचारत होत्या, बार्शीला पत्र लिहून देणारं इथं कोण आहे. पत्र मला लिहायला सांगायचं नाही, म्हणजे माझ्याबद्दलचंच.

उद्या सांगते. त्यांनी विचारायच्या आत मीच सांगते. काय व्हायचं ते होईल.

रविवार, १६ फेब्रुवारी

सांगितलं. न्हाऊन, देवासमोर बसून, सगळं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही.

"तवाच कळलं मला," म्हणाल्या. "चार दिस कोपऱ्यात बसलीस, एक फडकं वाळत पडलं न्हाई. मी काय आंधळी हाय? म्हटलं, आधी चुकली, आन् आता खोटंच बसलीया — पोरगी पोटुशी हाय, तिलाच पत्त्या न्हाई. तीन म्हैने झाल्याबिगर तोंडातून काढू नये, म्हनून गप ऱ्हायले. त्या सोमवारी तुला बोलले, ते माझं चुकलं."

मी सगळ्याचा विचार केला होता. फडक्यांचा नाही.

बराच वेळ रडले. मग विचारलं, "तुम्ही गुरुवारी दोनदा मोजलंत?"

"बाळंतपनाचा म्हैना मोजत व्हते. यंदा धोंड्याचा म्हैना आलाय न्हवं मधी! धोंडा धरला तर श्रावण येतोय, सोडला तर भादवा. थोरल्याला पत्र धाडाया सांगितलंय, मी काय एवढ्यात येत न्हाई म्हनून. मी श्रावण धरलाय. तवर हितंच."